माळावरचा पंखा

आप्पा आमच्या खोलीत राहायला आले, तेव्हा पाणी किती वाजता येतं हे त्यांनी विचारलं नाही. भाडं कसं वाटून घ्यायचं, खिडकीजवळची खाट कुणाची, हेही नाही. खिडकी उघडली, बोट तोंडात घालून ओलं केलं, गजांमधून बाहेर धरलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पश्चिमेचा शे. पन मेलेला शे." मग पिशवी खाली ठेवली. ते वाऱ्याबद्दल बोलताहेत हे मला जरा उशिरा कळलं. कळल्यावर मी कपाळाला हात लावला, कारण कंपनीने दोघांत एक खोली दिली होती आणि जोडीदार बदलून मिळण्याची सोय नव्हती.

खोली सिल्वाशाजवळ सामरवरणीत होती आणि कारखाना शेजारच्या मसाटला. मी तिथे हिशेब खात्यात. मूळचा डहाणूकडचा, त्यामुळे वाऱ्याशी माझा संबंध कपडे वाळण्यापुरता. आप्पा खानदेशातले, साक्रीच्या पुढच्या एका गावचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. कॉम्प्रेसर, जनरेटर आणि हॉलमध्ये गार हवा सोडणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. आमच्या कारखान्यात पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ आणि फुगवटा देतात, आणि या धंद्याला वाऱ्याइतका दुसरा वैरी नाही. हॉलचं दार उघडं राहून झुळूक आत शिरली की धागे तुटतात, आणि त्याचा ओरडा आप्पांच्या खात्याला बसतो. म्हणजे ज्या माणसाला वाऱ्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, त्याला दिवसभर वारा बाहेर ठेवण्याचा पगार मिळत होता. असल्या नोकऱ्या देव मुद्दाम निवडून देतो असं माझं मत आहे.

वाया गेलेलं सूत गोळा करून आप्पा त्याचे वीतभर तुकडे जागोजागी बांधत. खिडकीच्या गजाला, सायकलच्या हँडलला, कँटीनच्या पत्र्याला, कारखान्याच्या गेटवरच्या आडव्या दांड्याला. ते तुकडे कुठल्या बाजूला आणि किती उडतात हे बघत बघत ते चालायचे, त्यामुळे माणसांना धडकायचे. गेटवरचे बिहारी वॉचमन त्यांना रोज विचारत, "क्यों आप्पा, आज हवा का क्या भाव है?" आप्पा चिडत नसत. "हवा फुकट शे," ते म्हणत, "बाकी सगळ्याचं बिल येतं." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ताटावर बसल्यावर, सायकलला पंप मारताना, कधी कधी तर विषय नसतानाही ते म्हणत. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. पुढे त्यामागची हकीकत समजली आणि गंमत वाटेनाशी झाली.

हकीकत मी येण्याच्या आधीची. एका वर्षी सुताला असा काही भाव आला की आमच्या शेठना नफ्याचं काय करावं कळेना. नफा म्हटला की कर आला. तेव्हा त्यांच्या कर सल्लागाराने कानमंत्र दिला, पवनचक्की घ्या. तिच्या किमतीतला मोठा वाटा पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई आणि तेवढ्या नफ्यावरचा कर वाचे. वीज किती होईल, वारा किती आहे, हे प्रश्न मागाहूनचे. त्या काळात पुष्कळ शेठ लोकांनी अशा पवनचक्क्या घेतल्या, आणि त्यांतल्या काहींनी आपली पवनचक्की डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नसेल.

शेठ जागा शोधताहेत हे आप्पांच्या कानावर गेलं आणि हा गडी तेलाचे हात न धुता थेट केबिनमध्ये. म्हणाले, आमच्या गावच्या माळावर चला, तिथे वाऱ्यात शेळ्या कलंडतात. शेठनी त्यांना गाडीत घातलं आणि निघाले. दिवस आषाढाचे होते. माळावर गाडीचं दार उघडलं तर ते शेठच्या हातून सुटून उलटं फिरलं, बिजागरी वाकली, आणि तिथल्या तिथे शेठनी मान डोलावली. ही गोष्ट सांगताना आप्पा खाटेवरून उठून दार कसं सुटलं ते करून दाखवत. वर्षातल्या बाकीच्या महिन्यांत तो माळ कसा असतो हे शेठनी विचारलं नाही आणि आप्पांना आठवलं नाही. दोघांनी मिळून आषाढातला वारा बारा महिन्यांचा धरला. आप्पांचं म्हणाल तर त्यांना दोष देववत नाही; गाव सोडून आलेल्या माणसाला गावचं जे आठवतं ते नेहमी चांगल्या दिवसांतलंच आठवतं.

माळ आप्पांच्या थोरल्या भावाचा. कुसळी गवत आणि शेळ्या, दुसरं काही नाही. तरी भाऊ द्यायला तयार नव्हता. मग आप्पांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं आणि भाषण ठोकलं. पक्का रस्ता येईल. पोरांना राखणीची नोकरी मिळेल. आणि वीज तर आपल्याच डोक्यावर तयार होणार, आपल्याला कोण अंधारात ठेवील? मारुतीच्या पायावर हात ठेवून त्यांनी हे सांगितलं. आई पुढेच बसली होती. ती थोरल्याला म्हणाली, धाकटा एवढं सांगतो तर देऊन टाक. भावाने दिला.

रस्ता आला, कारण टॉवर न्यायला तो लागतोच. भावाच्या मुलाला राखणदारी मिळाली. वीज मात्र माळावरून निघाली ती गावाच्या डोक्यावरून तारेने तडक सबस्टेशनला गेली. गावातले दिवे पूर्वी जायचे तसेच जात राहिले. गावात पवनचक्कीला पवनचक्की कुणी म्हणत नसे, पंखा म्हणत. दिव्याखाली अंधार असतो तसा आमच्या पंख्याखाली उकाडा, असं लोक म्हणायला लागले. आप्पा गावी गेले की प्रत्येकाला समजावून सांगत. वीज दुधासारखी असते. आपल्या म्हशीचं दूध आपण डेअरीत घालतो, तिथे ते सगळ्यांच्या दुधात मिसळतं, मग आपल्याला पिशवी विकत घ्यावी लागते. गावकरी म्हणत, डेअरीवाला निदान माप तरी दाखवतो.

आणि वाऱ्याचे चाळे. त्या माळावर खरा वारा जेठापासून श्रावणापर्यंत. त्या दिवसांत पंखा धडाधड वीज काढी, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतातला पंप बंद, घरातला पंखा बंद, विजेला गिऱ्हाईक कमी. चैत्र-वैशाखात विहिरीवर आणि घरात विजेवाचून जीव जायची वेळ आली की माळावर पान हलत नसे. वीज विकत घेणारे तिचे पैसे द्यायला इतका उशीर करत की शेठ ते येणं धरतच नसत. बाजरी पेरावी आणि कणसं पुढच्या साली यावीत, तसा तो धंदा होता. पण शेठना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचा कर वाचला होता.

मग एका आषाढात वरचा गिअरबॉक्स फुटला. तोपर्यंत मी नोकरीला लागलो होतो, त्यामुळे हा भाग मी स्वतः पाहिला. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर टॉवरहून उंच क्रेन लागते. अशी क्रेन लांबून येते, सुटी करून ट्रेलरवर घालून येते, माळावर पुन्हा जोडावी लागते, आणि तिचं भाडं ती आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून लागू होतं. पंखा बसवणाऱ्या कंपनीने तोवर गाशा गुंडाळला होता, सुटे भाग मिळेनात. शेठनी मला हिशेब मांडायला सांगितला. क्रेन आणि गिअरबॉक्सचा खर्च पंख्याच्या उरलेल्या आयुष्याच्या कमाईहून जास्त निघाला. मी विचारलं, मग पाडून भंगारात विकायचा का? त्याचाही हिशेब केला. पाडायलाही तीच क्रेन, आणि पात्यांचं ते फायबर भंगारवालाही घेत नाही. चालू करायला खर्च, मोडायला खर्च. नुसता उभा ठेवला तर काहीच लागत नाही. शेठ म्हणाले, "ऊभो छे ने? ऊभो रेवा दे." उभा आहे तर राहू दे. विषय संपला. आमच्या पुस्तकांतून तो पंखा तसाही केव्हाच संपला होता.

आप्पांसाठी मात्र तो संपला नव्हता, आणि का ते आता सांगितलंच पाहिजे.

पंखा फिरत होता त्या वर्षांत गावाला पावसाने दगा दिला. ढग यायचे, माळावरून पळत पुढे निघून जायचे. गावातल्या बाया म्हणू लागल्या, पंखाच ढग पळवतो. आप्पा सुटीवर गेले की घरोघर फिरून सांगत की तसं नसतं, पंखा वारा घालत नाही, पंखा वारा खातो. कुणाला पटे, कुणाला नाही. अशाच एका उन्हाळ्यात गावातली विहीर आटली. सत्तरी उलटलेली आई हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर गेली आणि पायऱ्यांवरून घसरली. घरी आणेपर्यंत संपली होती. आप्पा त्या दिवशी सुटीवर गावातच होते. त्या दिवसाबद्दल ते अवाक्षर काढत नसत, आणि एवढंही मला त्यांच्या गावच्या दुसऱ्या एका कामगाराकडून कळलं.

भाऊ तेव्हा काही बोलला नाही. पुढे गिअरबॉक्स फुटला, मुलाची राखणदारी गेली, आणि मग तो बोलला. आप्पा दिवाळीला गेले होते. भाऊ उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "जवय पंखा फिरी, तवय येजो." पंखा फिरेल तेव्हा ये. आप्पा फराळाची पिशवी पायरीवर ठेवून तिथूनच परतले. त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. घर म्हणून या जगात त्यांना तेवढा एक उंबरा होता.

त्यानंतर त्यांचा एक नेम सुरू झाला. दर सुटीला ते सायकल मारत सिल्वाशाच्या एसटी स्टँडवर जात आणि धुळ्याच्या गाडीची वाट पाहत. त्यांच्या गावचा माळ हमरस्त्यावरून दिसतो. गाडी लागली की प्रवासी उतरायच्या आत हे दाराशी. कंडक्टरला विचारणार, "पंखा फिरी राहिना का?" पंखा फिरतोय का? पहिल्या वेळी कंडक्टरला वाटलं, गाडीतला पंखा. मग सगळ्या कंडक्टरना ते माहीत झाले. उतरणाऱ्या बायका पोराला जवळ ओढून बाजूने जात. मी एकदा बरोबर गेलो होतो आणि शरमेने उसाच्या गाड्यावर जाऊन उभा राहिलो. कंडक्टर नाही म्हणे, आप्पा मान हलवत, त्याला चहा पाजत आणि सायकलवर टांग टाकत. मी म्हणे, आप्पा, गिअरबॉक्स फुटलेला पंखा आपोआप कसा सुरू होईल? तुम्ही स्वतः मेकॅनिक आहात. ते म्हणत, "इचारायला काय बिल येतं का?"

गावच्या एका कामगाराने दया येऊन त्यांना मोबाइलवर माळाचा फोटो मागवून दिला. आप्पांनी तो बराच वेळ पाहिला आणि त्याच्यावरच उखडले. "फोटोत काय कळतं? फोटोत तं सगळेच उभे." त्यात चूक काहीच नव्हतं.

उत्तरायणाचा दिवस मात्र त्यांचा असे. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर. वारा पडला की गुजराती शेजारी, मराठी शेजारी, सगळे आप्पांना हाका मारत, आणि आप्पा बोट ओलं करून सांगत, अजून थोडं थांबा, उत्तरेकडून येईल. बहुतेक वेळा येई. त्यांना उंधियो आणि जिलेबीचे डबे मिळत. स्वतः पतंग उडवत नसत. माना वर करून पाहणाऱ्या माणसांकडे बघत बसत. एकदा म्हणाले, आमच्या गावात पंखा आला तेव्हा लोक असेच वर बघत होते. त्यांच्याशी दोन घटका मजेत गेल्या की शेवट असा व्हायचा, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा.

मग तो जेठ आला. सुटीचा दिवस होता. आप्पा स्टँडवरून परतले ते सायकल जिन्यात आडवी टाकून वर आले आणि दारात उभे राहून हसायला लागले. कंडक्टरने सांगितलं होतं, फिरतोय. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीवाल्यानेही.

मी हिशेबी माणूस. मी म्हटलं, आप्पा, कुणी दुरुस्त केलेला नाही, दुरुस्त केला असता तर बिल माझ्या टेबलावर आलं असतं. आणि खालची तांब्याची केबल तर चोरांनी केव्हाच नेली आहे, त्याचा पंचनामा मी पाहिलाय. पंखा फिरत असेल तर नुसता फिरत असेल. आप्पा शांतपणे म्हणाले, हो, ब्रेकचं तेल गळून गेलं असणार, पाती मोकळी झाली असणार. त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग?

"भावानं काय सांगितलं? फिरेल तेव्हा ये. वीज येईल तेव्हा ये, असं नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, नवा शर्ट घेतला, पेढे घेतले. पंख्याच्या टॉवरच्या दाराची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून होती, ती मागितली. शेठ म्हणाले, ले जा, कौन पूछता है. ब्रेकच्या तेलाचा एक डबाही त्यांनी विकत घेऊन पिशवीत टाकला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, यंत्र मोकाट ठेवू नये. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून बोलत होते, भावाच्या मुलाला इथे कँटीनमध्ये चिकटवता येईल का, दिवाळीला तुम्हीच या तिकडे, आमच्याकडचे मांडे खाऊन बघा. त्या माणसाला इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं सगळं मला त्यांच्याकडून विचारून विचारून, तुकड्यातुकड्यांनी कळलं.

गावात मृग कोरडा गेला होता. आर्द्राही कोरड्या चालल्या होत्या. वारा भन्नाट, ढग माळावरून पळताहेत, आणि वर्षानुवर्षं थांबलेला पंखा त्याच वर्षी पुन्हा फिरू लागलेला. गावाला दुसरा पुरावा नको होता. आप्पा पेढे घेऊन भावाच्या दारात पोचले तेव्हा अंगणात अर्धं गाव जमलेलं. त्यांना वाटलं आपल्यासाठीच. भाऊ पुढे आला आणि म्हणाला, बंद कर.

आप्पांनी समजवायचा प्रयत्न केला. कुणी ऐकलं नाही. ज्या भावाने पंखा फिरेल तेव्हा ये म्हणून सांगितलं होतं, तो आता पंखा थांबव आणि मग घरात ये म्हणत होता. आप्पा मारुतीच्या पारावर राहिले. जोराच्या वाऱ्यात तो पंखा थांबवता येत नाही. वर चढून हातपंपाने ब्रेक दाबत जायचा आणि पाती थांबली की लोखंडी खुंटी आत सारायची, आणि हे वारा पडल्यावरच जमतं. पंखा उभारणाऱ्या पोरांनी त्यांना हे हौसेने शिकवलं होतं. दोन-तीन दिवस वारा पडेना. गाव त्यांच्याकडे डोळे लावून बसलं. मग एका दुपारी सगळं एकदम थबकलं, कुसळीसुद्धा हलेना. आप्पांनी तेलाचा डबा पाठीला बांधला आणि टॉवरच्या आतल्या शिडीने वर चढले. गुडघे दुखत होते, मध्ये मध्ये थांबत होते. वर पोचून त्यांनी तेल ओतलं, पंप मारला, खुंटी ठोकली. ज्या पंख्यासाठी त्यांनी इतकी वर्षं कंडक्टरना चहा पाजला, तो त्यांनीच आपल्या हाताने कायमचा बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला.

असा आला की ओढ्याला पूर. गावाने आप्पांना नारळ दिला, गुलाल लावला, पारावरून उचलून भावाच्या घरी नेलं. आप्पांनी ढग सोडले म्हणून बायांनी ओवाळलं. भावाने घरात घेतलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. आप्पा कितीतरी वर्षांनी त्या चुलीपाशी जेवले. जेवण झालं, हात धुतले, आणि पानाचं तबक पुढे करताना भाऊ म्हणाला, तू पंखा थांबवला आणि पाणी आलं. आता आईचं काय ते तूच सांग.

घरात बायका होत्या, पोरं होती. आप्पांनी पान घेतलं नाही. पिशवी उचलली आणि पावसातच रस्त्यावर येऊन गाडी पकडली. भावाने जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

ते परत आले आणि कामावर रुजू झाले. काम पूर्वीसारखंच चोख. पण वाऱ्याचं नाव नाही. गेटवरच्या वॉचमनने हवेचा भाव विचारला तर त्यांना तो ऐकूच गेला नाही. स्टँडवर जाणं थांबलं. सुटीचा दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून काढत. मी बोलकं करायचा प्रयत्न केला, टोकरखाड्यात माझ्या ओळखीच्या एकांकडे जेवायला नेलं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. एखादा माणूस आतून विझत जातो आणि आपण त्याच खोलीत कपडे वाळत घालत असतो, याच्याइतकी हताश करणारी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. दिवाळीच्या सुमारास नोकरी सोडून ते कुठल्या तरी ठेकेदाराबरोबर निघून गेले. कुणी वापीला म्हणतं, कुणी त्याच्याही पुढे. मोबाइल लागत नाही. गावाकडे ते नाहीत एवढं नक्की, मी चौकशी केली आहे. पंखा अजून तसाच उभा आहे. गावात त्यानंतरच्या साली पाऊस बेताचाच झाला असं ऐकतो, पण ते आप्पांना सांगायला आप्पा नाहीत.

जाण्याआधी एकदाच ते आपणहून बोलले. श्रावणातली सुटी होती, बाहेर पाऊस लागला होता. भिंतीकडचं तोंड न वळवता त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेले. पंखा ढग पळवतो का?"

मी उठून बसलो. आपल्या हातून काही होण्यासारखं आहे असं मला त्या महिन्यांत प्रथमच वाटलं. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. ढग मैलोन्‌मैल पसरलेले असतात, तिथे एका पंख्याची काय कथा. ढगांना वारा पळवतो आणि पंख्यालाही तोच वारा फिरवतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी दिसतं. त्या दुपारी वारा पडला म्हणूनच तुम्हाला वर चढता आलं, आणि वारा पडला म्हणूनच ढग थांबले. तुम्ही पंखा बंद केला नसता तरी पाऊस आलाच असता. तुमचा कशातही हात नाही, आप्पा. आईचं त्या पायऱ्यांवर जे झालं, त्यातही नाही.

ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग उठून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"असंच सगळं मी आईले सांगितलं होतं, भाऊ. त्या दिवशी सकाळी. तिनंबी हेच इचारलं होतं. म्हने, तू सांगतोस म्हंजे तसंच आसंल. आनि हंडा उचलून गेली."